आमरस, मटार, खवलेला नारळ वर्षभर साठवायला फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर घ्यावा की बर्फ हाताने काढावा लागणारा?

महिनोन्‌महिने साठवण करायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हाताने बर्फ काढावा लागणारा, वर झाकण असलेला डीप फ्रीझर घ्या.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ साचू नये म्हणून थंड नळ्यांजवळचा हीटर ठरावीक वेळाने चालू होतो आणि पंखा कोरडी हवा आत खेळवत राहतो. तापमान थोडं वर-खाली होतं, पदार्थातला ओलावा उडतो. पिशवी नीट बंद नसेल तर मटार सुरकुततात, मासळीच्या कडा पांढरट, चिवट होतात. वीजही सहसा जास्त लागते. साध्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश बरंच स्थिर राहतं, आणि थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडलं तरी ती खालीच राहते. गावाकडे लोडशेडिंग असेल तर हे फार मोलाचं आहे. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास माल गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास.

कष्ट एवढेच की बर्फाचा थर पाव इंच झाला की सगळं रिकामं करायचं. मे महिन्यात आमरस भरण्याआधी हे काम उरका. पण सुरीने बर्फ खरवडू नका, हात जोडून सांगते! नळीला भोक पडलं की गॅस गेला. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा, बर्फ आपोआप सुटतो.

रोज उघडझाप होणार असेल, किंवा घरातल्या वयस्कर माणसांना वाकणं जमत नसेल, तर मात्र फ्रॉस्ट-फ्रीच घ्या.