नवीन काम सुरू करतोयस, तर आधी ताटाकडे बघ

अरे, शेतातल्या विविधतेतून गावाचं पोषण सुधारायचं हे काम, तर सुरुवातीलाच शेतात पिकांच्या किती जाती आहेत ते मोजत बसू नकोस, मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि माणसं काय खातात हे विचारलंच नाही, फार चुकलं. पिकांची विविधता वाढली म्हणजे पोषण आपोआप सुधारतं असं नसतं, सगळं पीक बाजारात गेलं तर घरात काय राहिलं? म्हणून आधी घरातल्या बाईला विचार, काल दिवसभरात काय काय खाल्लं. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, साधी पद्धत आहे, १० अन्नगट, त्यातले किमान ५ पोटात गेले का बघायचं, पण हे सगळ्या बायकांचं मिळून चित्र असतं, एकीच्या तब्येतीचा निकाल नाही.

मग वर्षाचं कॅलेंडर काढ, कुठल्या महिन्यात भाज्या-फळं मिळतच नाहीत ते कळेल, खरं काम तिथंच आहे. बांधावरच्या रानभाज्या विसरू नकोस हां, तणनाशक मारलं की आधी त्याच जातात आणि नोंद कुठंच होत नाही.

मातीचंही बघ, मुळांवरची बुरशी झाडाला जस्त मिळवून देते, स्फुरद (फॉस्फरस) खत जास्त झालं की ती कमी होते. आणि मधमाश्या! जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी साधारण ७५% पिकं थोडीफार तरी परागीभवन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत, त्यात फळं-भाज्या बऱ्याच, म्हणजे जीवनसत्त्वंच. मधमाश्यांना आसरा देणारा झाडोरा तोडायच्या आधी हे लोकांना नक्की सांग.