एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. खत वाढवू का?

नाही, खत वाढवू नका. फुलं उन्हाने गळताहेत. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल देठाशी पिवळं पडून गळतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा सहज ३८ गाठतो, वर गच्चीची तापलेली फरशी. खतातलं नत्र (नायट्रोजन) वाढवलंत तर नुसता पाला माजेल.

दुपारच्या उन्हाला ५० टक्के सावलीची जाळी बांधा, कुंड्या विटांवर उचलून ठेवा, मातीवर वाळका पालापाचोळा पसरा आणि पाणी सकाळीच द्या. तेव्हाच फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा, परागकण झडायला मदत होते.

एवढ्याने झाड तगेल, थोडी फळंही धरतील. भरघोस टोमॅटो हवे असतील तर मात्र बी सप्टेंबरमध्ये टाका. आणि फुलं थंडीतही गळत असतील तर कारण वेगळं: बहुतेक कुंडीत पाणी साचतंय किंवा ऊन कमी पडतंय.