श्रीमंत नायिकेची सही

लेखनविषयक शंकांच्या या सदरात या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. श्रीमंत घरातली गृहिणी आणि तिचा चिघळलेला घटस्फोट यांवर विनोदी कादंबरी लिहावी, असे अनेक वाचकांच्या मनात आहे. विषय उत्तम आहे. मात्र बहुतेक पत्रांमध्ये कायद्याविषयीच्या कल्पना परदेशी चित्रपटांतून आलेल्या दिसतात, त्यामुळे उत्तरांत कायदा थोडा अधिक आला आहे. या विषयातला खरा विनोद कायद्याच्या कागदांतच दडलेला असल्यामुळे त्याला इलाज नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका पुण्यातल्या एका कारखानदाराची पत्नी आहे. लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावर नवरा दुसऱ्या स्त्रीबरोबर राहू लागतो आणि हिला घटस्फोटाची नोटीस धाडतो. बरीच धमाल झाल्यावर शेवटच्या प्रकरणात न्यायाधीश भरल्या न्यायालयात नवऱ्याची निम्मी संपत्ती तिला देऊन टाकतात. मैत्रिणींना वाचून दाखवले तेव्हा सुरुवातीला त्या खूप हसल्या, पण शेवट कोणालाच रंगला नाही. त्यात काय कमी पडते आहे? — एक लेखिका, पुणे

उत्तर : आपल्या शेवटातली अडचण अशी आहे की, तसा निकाल लागतच नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे घटस्फोट झाला म्हणून पतीच्या संपत्तीची आपोआप निम्मी वाटणी होत नाही. जे ज्याच्या नावावर, ते त्याचे. पत्नीला कलम २४ प्रमाणे दावा चालू असताना पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो आणि कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी मागता येते. तिचे स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचेच असते. सासरच्यांनी ते जपून ठेवले असले तरी ते केवळ विश्वस्त ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे जी बाई काल पंचवीस माणसांना सहज जेवायला बोलावत होती, तिच्या स्वतःच्या नावावर दागिने आणि एखादे बचत खाते यांपलीकडे काही नाही, असे तिला एका सकाळी कळू शकते. आपल्या कादंबरीचा पाया हाच आहे, असे मला वाटते. श्रीमंती तिच्या अंगावर आहे, घरात आहे, वागण्याबोलण्यात आहे; फक्त कागदावर नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. आपल्या कथेतला नवरा स्वतः घर सोडून गेला आहे. त्याला एकतर्फी घटस्फोट हवा असेल तर पत्नीची क्रूरता किंवा तिने त्याला सोडून जाणे यांसारखे कलम १३ मधले एखादे कारण सिद्ध करावे लागेल, आणि स्वतःच्याच चुकीचा फायदा त्याला घेता येणार नाही, असे कलम २३ सांगते. विवाह पूर्णपणे मोडकळीला आला आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण तो अधिकार त्याच न्यायालयाचा, तोही त्याच्या विवेकाधीन. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हा युक्तिवाद घेऊन जाणाऱ्या नवऱ्याला सुटका मिळत नाही. त्याच्यासाठी सोपी वाट एकच उरते, ती म्हणजे कलम १३-ब प्रमाणे परस्परसंमतीचा अर्ज. त्यावर नायिकेची सही लागते.

या सहीभोवती संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते. पंचवीस वर्षे नवऱ्याने ‘इथे सही कर’ म्हणायचे आणि हिने पोळ्या लाटता लाटता हात पुसून सही करायची, असे चालत आलेले असते. त्या सह्यांतून ती दोन कंपन्यांची संचालक झालेली असते, एका कर्जाला जामीन राहिलेली असते आणि एखादी जागाही तिच्या नावावर घेतली गेलेली असते. पतीने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावावर मालमत्ता घेतली तर बेनामी व्यवहाराच्या कायद्यात त्याला सूट आहे, त्यामुळे अशी खरेदी सर्रास होते. नवऱ्याने ती सोयीसाठी केलेली असते. घटस्फोटाची वेळ आल्यावर मात्र ती जागा नेमकी कोणाची, हे सांगताना त्याची तारांबळ उडते, कारण एका अर्जात ती माझी म्हणायची तर दुसऱ्या खात्यापुढे ती पत्नीची होती असे आपणच लिहून दिलेले असते. पंचवीस वर्षांत प्रथमच त्याला हवी असलेली सही नायिका लगेच करत नाही, आधी वाचून बघते म्हणते. यापेक्षा मोठी उलथापालथ त्या घरात दुसरी होणार नाही.

संमतीच्या अर्जातही कथेला पुरेशी वळणे आहेत. अर्जापूर्वी दोघे वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. पहिल्या अर्जानंतर दुसरा अर्ज सहा महिन्यांच्या आत करता येत नाही आणि अठरा महिन्यांच्या पुढे लांबवता येत नाही. सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरले. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, हे १९९१ पासून स्थिर झालेले आहे. नवऱ्याने नव्या लग्नासाठी हॉल ठरवून ठेवलेला असताना हिच्या मनात शंका आली, तर काय काय होईल ते आपणच लिहावे.

माझा सर्वांत आवडता कागद मात्र वेगळाच आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे व मासिक खर्च यांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात द्यायचे. शेतीवर उपजीविका असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. आपली नायिका ऊसपट्ट्यातली केलीत तर तोही उपयोगी पडेल. आपली बाई हे शपथपत्र भरायला बसली आहे, अशी कल्पना करा. मासिक खर्चाच्या रकान्यात दूधवाला, माळी, ड्रायव्हर, सासूबाईंची फिजिओथेरपी, गणपतीची सजावट हे सगळे तिला रुपयांसकट तोंडपाठ आहे. उत्पन्नाच्या रकान्यापाशी पेन थांबते. तिचे पॅन कार्ड नवऱ्याच्या सीएच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि ती गेली काही वर्षे नियमित प्राप्तिकर भरते आहे हे तिला त्याच सीएकडून कळते. तिकडे नवऱ्याच्या शपथपत्रात तो जवळजवळ गरीब आहे. घर कंपनीचे, गाडी कंपनीची, परदेशवाऱ्या कंपनीच्या कामाच्या आणि स्वतःचा पगार बेताचा. अशा वेळी न्यायालये माणसाचे राहणीमान पाहतात, आणि पत्नीने पतीच्या मालमत्तेविषयी काय माहीत आहे ते सांगावे असा रकाना त्याच नमुन्यात आहे. पंचवीस वर्षे त्याच्या पाहुण्यांना चहा देताना जे कानांवर पडले, ते सगळे तिने त्या रकान्यात भरावे. त्यासाठी तिला गुप्तहेर नेमावा लागणार नाही.

स्त्रीधनाच्या यादीचे एक स्वतंत्र प्रकरण अवश्य करा. पाटल्या, तोडे, मोहनमाळ यांच्या सोनाराच्या पावत्या माहेरी सापडतात. ठुशी मात्र ‘मी फक्त लग्नात घालायला दिली होती’ असे सासूबाई म्हणतात. मग लग्नाचा अल्बम पुरावा म्हणून बाहेर येतो, आणि त्याच फोटोत आपल्या हरवलेल्या बांगड्या मोठ्या जावेच्या हातात पाहून चुलतसासूबाईही या वादात उतरतात. यातले काहीही अशक्य नाही. फोटो आणि पावत्या यांवर असे वाद प्रत्यक्षात लढवले जातात.

आपल्या कथेतला बंगला सासूबाईंच्या नावावर असेल तर तिला लगेच बाहेर काढता येते, असेही समजू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क देतो, आणि ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तो लागू होऊ शकतो, असे २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात ठरले. नवरा घर सोडून गेला आहे आणि सासू-सून एकाच स्वयंपाकघरात परस्परांविरुद्ध कागद तयार करत आहेत, ही परिस्थिती आपल्या सध्याच्या हस्तलिखितात नाही. ती यायला हवी.

प्रश्न : वरील प्रकारच्या कादंबरीत न्यायालयाचे दृश्य भरगच्च प्रेक्षकांसमोर, दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या जुगलबंदीसह रंगवले तर चालेल का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे पक्षकाराने मागणी केली तर सुनावणी बंद खोलीत घ्यावी लागते, आणि वकील देणे हा तेथे पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. व्यवहारात ती मिळते. आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, म्हणून समुपदेशकाची खोली गाळू नका. आपण मुंबईत आहात, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या न्यायालयाच्या बाहेरच्या बाकांवर एक सकाळ बसून या. पुकारा होण्याची वाट पाहणारे नवरा-बायको, त्यांच्यामध्ये अंतर राखून बसलेले मामा आणि मावश्या, डबा उघडावा की नाही या विचारात असलेली कोणाची तरी आई, हे सारे तेथे असते. तेथील माणसांची नावे वा कहाण्या मात्र उचलू नका.

प्रश्न : माझी नायिका गोव्यातली आहे, जुन्या श्रीमंत हिंदू घराण्यातली. तिच्या बाबतीतही हेच कायदे लागू होतात का? — एक वाचक, पणजी

उत्तर : नाही, आणि याचा आपण भरपूर लाभ घ्यावा. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबींत अजून चालते आणि घटस्फोटाला पोर्तुगीज काळातलाच १९१० चा कायदा आहे. लग्नापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नीची संपत्ती एक होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. पुण्याच्या लेखिकेला जो शेवट करता येत नाही, तो आपल्याला पहिल्या पानावर करता येईल. येथे स्थावर विकायचे तर सुरुवातीपासूनच पत्नीची सही हवी, त्यामुळे गोव्यातली श्रीमंत पत्नी स्वतःच्या सहीची किंमत ओळखून असते. तिचा स्वभाव पुण्याच्या नायिकेहून वेगळा रंगवावा लागेल.

वाटणीसाठी तेथे इन्व्हेंटरीची कार्यवाही असते. घरातल्या एकूण एक वस्तूची यादी होते, तिचे मूल्यांकन होते आणि एखाद्या वस्तूवर दोघांचाही दावा असेल तर केवळ हितसंबंधीयांमध्ये बोली लावली जाते. आजोबांच्या शिसवी पलंगासाठी, जो दोघांपैकी कोणालाही आवडत नाही, नवरा-बायको एकमेकांवर चढाओढीने बोली लावत आहेत, हे दृश्य आपण सविस्तर लिहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : कथानक १९४० च्या सुमाराच्या मुंबईत, एका उच्चवर्णीय गिरणीमालकाच्या घरात घडवावे असे मनात आहे. जुन्या काळामुळे विनोद अधिक खुलेल ना? — एक वाचक, सातारा

उत्तर : त्या घरात त्या साली घटस्फोटच होणार नाही. अनेक जातींत काडीमोडीची रूढी होती आणि ती पुढे १९५५ च्या कायद्यानेही मान्य केली. पण ज्यांच्यात तशी रूढी नव्हती त्या घरांत विवाह मोडण्याची सोय नव्हती. शेतकऱ्याच्या पत्नीला असलेली वाट गिरणीमालकाच्या पत्नीला बंद होती. नवऱ्याला मात्र तिची सही नको होती, कारण तो सरळ दुसरे लग्न करू शकत होता. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. कथानक १९४८ मध्ये हलवले, तर पहिली पत्नी असताना दुसरे लग्न करता येत नाही हे नुकतेच उमगलेला गिरणीमालक आपल्याला मिळेल. बडोदे संस्थानात घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला होता; तेथील मराठी सरदार घराणे निवडले तर त्या दशकातही कादंबरी घडू शकेल.

रखमाबाईंच्या प्रकरणावर विनोदी कथानक बेतण्याचा विचारही आपण पत्रात मांडला आहे. तो सोडून द्यावा. आईकडून आलेली मालमत्ता नावावर असलेल्या त्या तरुणीने, बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाण्याची तयारी १८८७ मध्ये न्यायालयापुढे दाखवली होती. त्यात हसण्याजोगे काही नाही.

प्रश्न : मी स्वतः या प्रसंगातून गेले आहे. घर संपन्न होते, म्हणून कोणाला माझे दुःख खरे वाटले नाही. अशा स्त्रीवर विनोदी कादंबरी लिहिणे म्हणजे तिची पुन्हा थट्टा करणे नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका या सगळ्या पत्रांत सर्वांत मोलाची आहे. बाईच्या साड्यांवर, किटी पार्टीवर, इंग्रजी उच्चारांवर हसवणारी कादंबरी तिची थट्टाच करते आणि तसे लेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. नायिकेला लिहिणाऱ्याने हुशार मानले पाहिजे. तिने सह्या केल्या त्या मूर्खपणाने नव्हे, तर माणसावर विश्वास होता म्हणून केल्या, हे वाचकाला पटले की हसू तिच्या दिशेने जात नाही. ते त्या विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्यांकडे आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेल्या विसंगत कागदांकडे जाते. ती स्वतः हसू शकते की नाही, ही कसोटी मी लावते. ज्या प्रसंगात तिला हसू येणार नाही, उदाहरणार्थ मुलांचा ताबा ठरत असताना, तेथे लेखकानेही हसवू नये आणि ते प्रकरण साधेपणाने लिहावे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पतीलाही पत्नीकडे पोटगी मागता येते, हे आपल्याला माहीत असेलच. माहेरची इस्टेट असलेल्या नायिकेकडे तिचा ‘गरीब’ झालेला नवरा पोटगी मागतो आणि ती त्याच्या मासिक खर्चाची यादी एकेक ओळ मोठ्याने वाचत जाते, असा प्रसंग आपण लिहून पाहावा. त्या घरातला प्रत्येक खर्च आपल्याइतका कोणालाच ठाऊक नसणार. लिहून झाल्यावर ती पाने या सदराकडे जरूर पाठवावीत.