वाचकांचे प्रश्न : विरघळून पुन्हा गोठलेले आइस्क्रीम

प्रश्न : आमच्या फ्रीजरमधील आइस्क्रीमच्या उघडलेल्या डब्यात महिनाभरातच वर बर्फ साचतो. मध्यंतरी बराच वेळ वीज गेल्यामुळे दुसरा एक डबा पूर्ण विरघळला होता. तो पुन्हा गोठवला असून दिसायला ठीक वाटतो. यांपैकी कोणता डबा टाकून द्यावा?

उत्तर : बर्फ साचलेला डबा खाण्यास हरकत नाही, दिसायला ठीक वाटणारा मात्र टाकून द्यावा.

आइस्क्रीममधील सगळेच पाणी गोठलेले नसते. फ्रीजरच्या उणे १८ अंश सेल्सिअस तापमानातही त्यातील साधारण पाव हिस्सा पाणी साखरेच्या दाट पाकात द्रवरूपच राहते. डबा वारंवार बाहेर काढला की बर्फाचे बारीक स्फटिक वितळतात आणि थंडी पुन्हा वाढल्यावर ते पाणी उरलेल्या स्फटिकांवरच गोठत जाते. त्यामुळे स्फटिक मोठे होऊन जिभेला करकरीत लागतात. पृष्ठभागावरून निसटलेला ओलावा डब्यातील मोकळ्या जागेत बर्फ होऊन साचतो. यात चव आणि पोत उतरतो, जंतू वाढत नाहीत. वरचा थर खरवडून टाकावा. खवट किंवा फ्रीजरमधील इतर पदार्थांचा वास लागला असेल, तर मात्र ते खाण्यात काही मजा नाही.

दुसऱ्या डब्याचे तसे नाही. गोठवल्याने जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत, आणि विरघळलेले आइस्क्रीम म्हणजे अखेर साखर घातलेले दूधच असते. ते सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहिले, तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढू शकतात. काही जिवाणूंनी सोडलेले विष पुन्हा गोठवल्यानेही नाहीसे होत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू तर फ्रिजच्या साध्या कप्प्यातील थंडीतही वाढतो. यातले काहीही वासाने वा चवीने ओळखता येईलच असे नाही, म्हणून चमचाभर चाखून निर्णय घेण्याची सवय सोडावी. डबा विरघळला होता की नाही हे माहीत नसेल, तर त्याची पातळी पाहावी : आइस्क्रीममध्ये घुसळलेली हवा विरघळताना निघून जाते, त्यामुळे पुन्हा गोठलेला गोळा खाली बसलेला आणि दगडासारखा घट्ट असतो, कधी तळाशी पाकाचा थरही दिसतो. केवळ कडा मऊ झाल्या असून मधला भाग टणक असेल, तर लगेच पुन्हा गोठवायला हरकत नाही.

डबा फ्रीजरच्या दारात न ठेवता मागच्या बाजूस ठेवावा, कारण दार उघडताच पहिली गरम हवा दारातल्या वस्तूंनाच लागते. आइस्क्रीमच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून मग झाकण घट्ट बसवावे, आणि उघडलेला डबा महिना-दोन महिन्यांत संपवावा. कच्चे अंडे घालून घरी केलेल्या आइस्क्रीमला मात्र यातले काहीच सुरक्षित करू शकत नाही. त्यासाठी अंड्याचे मिश्रण आधीच नीट शिजवून घ्यावे लागते.