कॉम्प्युटर कट्टा : तीन जुळवायचा गेम, फुकटचा पण चांगला कुठला?

प्रश्न : सर, आमच्या सासूबाई 68 वर्षांच्या, पूर्वी वडगावात हातमागावर साड्या विणायच्या. गुडघ्यांमुळं मागावर बसणं बंद झालं. नातवानं लॅपटॉपवर तीन रत्नं जुळवायचा फुकटचा गेम घालून दिलाय आणि आता रोज दुपारी तोच खेळालेत. आम्हाला बरंच वाटतंय, पण सारखी जाहिरात येते, लाईफ संपली म्हणतंय, पैसे भरा म्हणतंय, आणि दर वेळी मला हाक मारतात. खरंच फुकट असा चांगला गेम हाय का? आणि ह्यानं डोकं तल्लख राहतं म्हणतात ते खरं का?
– एक सून, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगतो. डोकं तल्लख होतंय म्हणून खेळायला लावू नका, त्यांना आवडतंय म्हणून खेळू द्या, तेवढं कारण पुरे आहे. आणि त्यांना का आवडतंय ते मला अगदी कळतंय, काठाची नक्षी एका धाग्यानं चुकली तरी लांबून ओळखणारी नजर आहे ती, तिला ह्या पाटावर रंग शोधायला मजा येणारच की.

हा खेळ तसा जुना. 1994 मध्ये रशियात शारिकी नावाचा, डॉसवरचा म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवरचा गेम आला, रंगीत गोळे शेजारी शेजारी बदलून तीन जुळवायचे, मग 2001 मध्ये पॉपकॅप कंपनीचा बीज्वेल्ड आला आणि जगभर पसरला, आणि 2012 मध्ये किंग कंपनीचा कँडी क्रश आधी फेसबुकवर आणि त्याच वर्षी मोबाईलवर. इथंच फुकट ह्या शब्दाचा अर्थ बदलला. कँडी क्रश उतरवायला फुकट, खेळायला पण फुकट, पण लाईफ, म्हणजे हरायची मुभा, पाचच, एक गेली की परत यायला अर्धा तास, म्हणजे पाची गेल्या तर पुन्हा भरायला अडीच तास, आणि थांबायचं नसेल तर पैसे. तेवढ्यावर त्या कंपनीची किंमत एवढी वाढली की 2016 मध्ये ती 5.9 अब्ज डॉलरला विकली गेली. अडकलेल्या माणसाच्या घाईवर किती पैसा उभा राहतो बघा.

म्हणून मी असा गेम तपासताना चित्रं बघत नाही, जिंकताना किती छान वाटतं ते पण बघत नाही, ते सगळ्यांत छानच वाटतं. मी मुद्दाम हरतो. परवा तुमच्यासाठी म्हणून एक गेम घातला, नाव देत नाही, पहिल्या दहा लेव्हल लोण्यासारख्या गेल्या. मग एक लेव्हल अशी आली की कोपऱ्यातले दोनच चौकोन राहिले आणि मूव्ह, म्हणजे ठरवून दिलेल्या चाली, संपल्या. लगेच पडद्यावर मधोमध हिरवं मोठं बटण, पाच जादा मूव्ह घ्या म्हणून, आणि सोडून द्यायची फुली वरच्या कोपऱ्यात एवढी बारीक आणि फिकट की मलाच चष्मा लावून शोधावी लागली. सासूबाईंचा हात त्या हिरव्या बटणावरच जाणार. मी तो गेम तिथंच काढून टाकला. माझ्या भाच्यानं असंच एका बटणावर दाबून 290 रुपये घालवले होते, बहिणीचं कार्ड त्या लॅपटॉपवर सेव्ह होतं, पोराचा काय दोष.

तेव्हा आधी दोन कामं करा. लॅपटॉपवर कार्ड सेव्ह असेल तर काढा, आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायचं चालू करा. मग गेम निवडताना वेळेचं बंधन नसलेला आणि मूव्ह मोजत नसलेला प्रकार आहे का ते बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक रत्नाचा आकार पण वेगळा पाहिजे, म्हणजे नजर कमी असली तरी ओळखता येतं. बीज्वेल्डमध्ये तसं आहे. आणि माऊसनं ओढत न्यायच्या ऐवजी एकावर क्लिक, मग शेजारच्यावर क्लिक, असं चालत असेल तर थरथरत्या हाताला लई सोपं जातं.

एक युक्ती त्यांना सांगा. पाटाच्या खालच्या बाजूला जुळवायचं. खालचे तीन गेले की वरचे सगळे घसरतात आणि त्या घसरण्यात आपोआप आणखी जुळतात, वर जुळवलं तर तेवढेच तीन जातात. आणि तिनाची जागा दिसली तरी लगेच घेऊ नका, चौथा शेजारी आणता येतोय का बघा, कँडी क्रशमध्ये चारला पट्ट्याची कँडी मिळते, ती अख्खी ओळ साफ करते.

प्रश्न : शाळेत असताना खडे बाजारजवळच्या सायबर कॅफेत रत्नांचे गेम खेळायचो, दहा रुपयात तास. आता ते शोधले तर उघडतच नाहीत, फ्लॅश प्लेयर डाऊनलोड करा म्हणून येतंय. करू का?
– अनगोळहून एक वाचक

उत्तर : अजिबात करू नका. ब्राऊजरमधले तेव्हाचे बहुतेक गेम अडोबी कंपनीच्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे, आणि अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं, 12 जानेवारी 2021 पासून तर प्लेयरमध्ये चालणंच अडवलं. त्यामुळं आज फ्लॅश डाऊनलोड करा म्हणणारी पाटी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घाण घालायचा डाव समजा. चुकून क्लिक केलं असेल तर अँटीव्हायरसनं एकदा पूर्ण तपासून घ्या. त्या सायबर कॅफेची आठवण मलाही येते, उन्हाळ्याच्या सुट्टीत नंबर लावून बसायचो.

प्रश्न : आमच्याकडं पावसाळ्यात नेट चार-चार दिवस जातंय, करंटचा पण भरवसा नाही. जुना कॉम्प्युटर हाय, मुलानं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलंय. नेटशिवाय चालणारा गेम सांगा.
– खानापूर तालुक्यातला वाचक

उत्तर : दादा, तुमचं काम सगळ्यात सोपं. केडायमंड नावाचा गेम घाला, केडीई म्हणजे लिनक्ससाठी फुकट सॉफ्टवेअर बनवणारा गट, त्यांच्या गेममधला आहे, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, लाईफ नाही, विकायला काहीच नाही. तीन हिरे जुळवायचे एवढंच, आणि घड्याळ नको असेल तर बिनवेळेचा पण खेळता येतो. दिसायला साधा आहे, कँडी क्रशचा झगमगाट नाही, पण तीन तास खेळलो, एकदाही कुणी मध्ये येऊन काही मागितलं नाही. पाऊस लागायच्या आधी, नेट आहे तोवर उतरवून घ्या, आणि मग वायफाय बंद करून एकदा उघडून बघा. दुसरा कुठला गेम घातला तरी ही परीक्षा घ्याच, कारण ऑफलाईन लिहिलेले कितीतरी गेम नेट गेलं की पहिल्याच पडद्यावर अडकून बसतात.

वडगावच्या ताई, सासूबाईंच्या नातवाला लिनक्स जमत असेल तर त्यांच्यासाठी पण हाच.