पायलटचा पगार आणि कर्जाचा हप्ता

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. थोरला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर महिना 22 हजार मिळवतो. पायलटला लाखांत पगार असतो म्हणतात. शेत गहाण टाकावं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पगार लाखांत असतो, पण तो उडालेल्या तासांवर हलतो. ठरावीक तासांची हमी, पुढे तासाप्रमाणे जादा. वर्षाला 1000 तासांपलीकडे उडता येत नाही. वैद्यकीय तपासणीत अडकलं की उड्डाण बंद, भत्ताही गेला. मशीनवरच्या माणसाला ही भीती नसते.

खर्च बघा. व्यावसायिक पायलटच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यात टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची वेगळी पात्रता, धरलं, तर 60 लाख सहज जातात. ते 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले, तर हप्ता साडेब्याऐंशी हजारांच्या घरात. आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही; कित्येक जण वर्षानुवर्षं घरी बसतात, हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून आधी पायलटसाठीच्या वैद्यकीय तपासण्या, म्हणजे क्लास टू आणि मग त्याहून कडक क्लास वन मेडिकल, करून घ्या. रंगांधळेपणा इथेच कळतो. सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, प्रशिक्षणाची विमानं उडतात, तिथे चौकशी करा. पण फी एकरकमी भरू नका. शेताचं नंतर बघू.