‘फूड सेफ्टी’ला ६२ टिचक्या, बोलावणं एकही नाही

प्रश्न : हापूसच्या पल्पच्या कारखान्यात मी क्वालिटी सुपरवायझर आहे. लिंक्डइनवर माझ्या ‘फूड सेफ्टी’ या स्किलला ६२ एंडॉर्समेंट (‘हे कौशल्य यांच्याकडे आहे’ अशी इतरांनी दिलेली पावती) आहेत, तरी मुलाखतीचं बोलावणं येत नाही. आणखी मिळवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नका मिळवू. २०१२ साली ही सोय आली तेव्हापासून तिची गोम तीच आहे : द्यायला एक टिचकी पुरते. देणारा तुमच्या कनेक्शनमध्ये असला की झालं, त्याने तुमचं काम पाहिलेलं असायला हवं असं नाही. ठाण्याचा मावसभाऊही देतो, मग तुम्ही त्याला देता. लग्नातला आहेरच तो! भरती करणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

स्किल मात्र काढू नका. उमेदवार शब्द टाकून शोधले जातात. प्रोफाइलवर ‘एचएसीसीपी’ (अन्नातले धोके ओळखून रोखायची पद्धत) नसेल, तर तो शब्द टाकणाऱ्याला तुम्ही सापडणं कठीण. ‘टीमवर्क’, ‘एमएस वर्ड’ उडवा, कामाची चार-पाच स्किल्स वर घ्या आणि प्रत्येक स्किल ज्या नोकरीत वापरलं तिला जोडा.

खरं वजन लेखी रेकमेंडेशनला, म्हणजे शिफारशीला. प्लँट मॅनेजरच्या प्रोफाइलवरून ती मागता येते. पण नुसतं ‘सर, दोन ओळी लिहा’ म्हणालात, तर ‘मेहनती व प्रामाणिक’ एवढंच पदरात पडेल. मुद्दा तुम्हीच आठवून द्या. समजा, डबे फुगत होते. तुम्ही सीम (झाकण आणि डब्याचा सांधा) कापून ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींत किती अडकल्यात ते, मोजलात, तो कमी भरला, सीमरचा (झाकण बसवणाऱ्या यंत्राचा) रोल ढिला निघाला आणि मग दर पाळीला सीम मोजून वहीत लिहायची पद्धत बसवलीत. हे वाचणारा त्याच धंद्यातला असेल तर लगेच ओळखतो. ब्रिक्स (पल्पमधली साखर) आणि पीएच (आंबटपणा) रोज कोण तपासत होतं, तेही त्यात येऊ द्या. मजकूर मोघम आला तर स्वीकारण्याआधी दुरुस्तीसाठी परत पाठवता येतो. आणि अदलाबदल टाळा : रेकमेंडेशनवर तारीख आणि कामातलं नातं दोन्ही दिसतं, त्यामुळे एकाच आठवड्यात एकमेकांना दिलेली प्रशस्तिपत्रं लपत नाहीत.

प्रश्न : कधी भेटही न झालेले लोक मला एंडॉर्स करतात. काढता येतं का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : येतं. त्या स्किलखालची नावं उघडा आणि नको त्या नावापुढचं बटण बंद करा. ते नाव इतरांना दिसणार नाही. एंडॉर्समेंट मुळातच नको असतील, तर त्याच भागातल्या सेटिंगमध्ये पूर्ण बंद करता येतात.